ठेका धरणारा हात

लुसेलीचे कान शाबूत आहेत असं चौथ्यांदा लिहून आलं, तेव्हा तिच्या आईनं, पेतितानं, डॉक्टरीणबाईंसमोरच त्या कागदाचा मुका घेतला. नऊ वर्षांच्या पोरीच्या यकृतात गाठ होती, आणि गाठीवरचं औषध जहाल, कानांची वाट लावणारं. त्याला उतारा होता. जहाल बाटली संपली की सहा तासांनी दुसरं औषध शिरेतून द्यायचं. पण कीतो शहरातल्या त्या इस्पितळात ते मोजकंच यायचं, आणि ज्याच्या कानात बिघाड दिसेल त्यालाच मिळायचं. म्हणजे आधी घर जळू द्या, मग पाणी मागा! असला नियम करणाऱ्याचं डोकं तपासायला हवं.

"आमच्या बोर्बोनच्या पोरी या," पेतिता कान तपासणाऱ्या हिमेनाला ऐटीत म्हणाली. "पोटात असल्यापासून ठेका ऐकतात."

पेतिता त्या नदीकाठच्या गावची गाणारी. डिसेंबरात बाळ येशूच्या पाळण्यापुढे ती गायची आणि ग्वासा वाजवायची. ग्वासा म्हणजे बिया भरलेली बांबूची नळी. यंदा तो ग्वासा लुसेलीच्या हाती द्यायचं ठरलं होतं. "पण ठेका चुकलीस तर शेजारच्या मेर्लिनला देईन हं!" असं पेतिता तिला चिडवायची.

पाचव्या बाटलीच्या आदल्या दिवशी लुसेली खिडकीशी पाठमोरी चित्र रंगवत होती. पेतितानं सहज पिशवीतून ग्वासा काढून हलवला. पोरगी वळली नाही. जोरात हलवला. पलीकडच्या खाटेवरची बाई वळली.

"लुसे!"

"काय गं?" ती लगेच वळली.

"हे ऐकू आलं?"

पोरीनं आईच्या हाताकडे पाहिलं. "हो."

"डोळे मीट बघू."

मिटले. पेतितानं ग्वासा कानाजवळ हलवला. पोरगी तशीच, काही वाजायची वाट बघत. पेतितानं पोरीला उचललं आणि थेट हिमेनाकडे नेलं.

"अहो ताई, परवाच तर तपासलं!"

"पुन्हा तपास."

कानांवर यंत्र चढलं. त्यात आवाज ऐकू आला की हात वर करायचा. हिमेना बटण दाबी, लुसेलीचा हात वर जाई. एकदाही चुकला नाही. पण पेतिताचं लक्ष खाली गेलं. पोरीचा अंगठा चपलेत ठेका धरत होता.

"आता दाबूच नकोस," पेतिता म्हणाली.

हिमेनानं बोट उचललं. यंत्र गप्प होतं. लुसेलीचा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, अगदी वेळेवर.

"अरे देवा," हिमेना पुटपुटली. "मी दर वेळी एकसारख्या अंतरानं दाबत आले."

पेतितानं पोरीच्या कानांवरचं यंत्र काढलं. "कधीपासून, बाळा?"

"दुसऱ्या बाटलीनंतर." लुसेली रडायलाच लागली. "तूच म्हणाली होतीस ना, चुकले तर मेर्लिनला देशील."

पेतिताला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. चिडवलं काय आणि झालं काय!

डॉक्टरीणबाईंनी उतारा लिहून दिला. "या औषधानं बारीक, उंच आवाज आधी जातात, बोलणं मागाहून. दोन बाटल्या राहिल्यात. उरलंय तेवढं वाचवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी दहाला बाटली संपली, चारला उतारा सुरू झाला. पेतितानं ग्वासा पोरीच्या हातात ठेवला. "तुझाच आहे. चुकलीस तरी तुझाच."

लुसेलीनं तो हलवला. कानाला लावून पुन्हा हलवला. मग नळी उलटी करून तिनं बुडाशी बोट फिरवून पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "यातल्या बिया सांडल्या का गं?"