बोथट टोकाची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे, न्हाव्याचीही नव्हे. मी दवाखान्याच्या अपघात विभागात असते आणि जखमी माणसांच्या अंगावरचे कपडे कापते. कातडीला टोचू नये म्हणून माझे एक टोक मुद्दाम बोथट केलेले आहे. कारखान्यात मला घासणाऱ्या कारागिराने जाड कापड कापून पाहिले आणि तो खूश होऊन म्हणाला, "लोण्यासारखं कापते की!" तेव्हाच माझ्या डोक्यात हवा गेली.

पुढे एका परिचारिकेच्या खिशात माझी कायमची सोय झाली. सगळे त्यांना ताई म्हणत. छातीत काच घुसलेल्या एका ड्रायव्हरचा सदरा मी क्षणात उतरवला, तेव्हा डॉक्टरांनी ताईंबरोबर माझेही कौतुक केले. त्या दिवसांत मी नाकावर माशी बसू देत नव्हते.

पण हळूहळू एक गोष्ट मला खटकू लागली. चांगल्या कपड्यांतला माणूस आला की ताई हळुवारपणे बटणे सोडत. रस्त्यावर राहणारा, दारूचा वास येणारा कोणी आला की नाक मुरडून थेट मला बाहेर काढत. ताई वाईट नव्हत्या. कामाचा रगाडा असे आणि ही सवय अंगवळणी पडली होती. मीही कुरकुर केली नाही.

असाच एक म्हातारा वरचेवर येई. पुलाखाली झोपायचा, पिऊन पडायचा. विभागात त्याचे नावच 'पाहुणे' पडले होते. एका थंडीच्या दुपारी झोपायच्या जागेवरून भांडण झाले आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात बाटली फोडली.

"आले बघा पाहुणे!" वॉर्डबॉय हसला.

रक्त डोक्यातून येत होते. तपासायला कपडे काढणे भाग होते, कापणे नव्हे. तरी ताईंनी सवयीने मला उचलले. जाड कोट, त्याखाली स्वेटर, त्याखाली दोन सदरे. कॉलरपासून खालपर्यंत मी सगळे कापत गेले. चिंध्या कचऱ्याच्या पिशवीत गेल्या.

संध्याकाळपर्यंत टाके घालून झाले, नशा उतरली आणि डॉक्टर म्हणाले, "आता घरी जा." घर कुठले? पुलाखालच्या गारठ्यात तो कोट हेच त्याचे अंथरूण-पांघरूण होते. समोरच्या बाकावर इतर रुग्णांबरोबर आलेल्या बायका बसलेल्या, म्हणून चादर गळ्यापर्यंत ओढून तो खाटेवर अवघडून बसला होता.

"ताई, माझा कोट?"

"काका, तो फेकला. रक्त लागलं होतं ना."

"मी धुतला असता. प्यायलो होतो, पण शुद्धीत होतो ताई. हात वर करा म्हणाला असतात, तर केले असते."

मी पोलादाची, पण मलाही मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताईंनी कपाटातून स्वतःचा स्वेटर आणून दिला. तो त्याच्या छातीवर बसेना. कसाबसा चढवून, वरून चादर गुंडाळून तो उठला आणि दारात हात जोडून म्हणाला, "फार उपकार झाले." ताईंना मान वर करता आली नाही.

आता माझी धार गेली आहे. ताईंच्या खिशात नवी कात्री आली आणि मी ड्रॉवरच्या कोपऱ्यात गंजत पडले. त्याची माझी तक्रार नाही. मित्रांनो, विनवणी एवढीच आहे. माणूस कितीही मळका असो, पिऊन आलेला असो, त्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याच्याशी एक शब्द बोला. तो ऐकत असतो.