भुंडीच्या कलेजीतला पाला

मी एक म्हातारी शेळी आहे. शिंगं कधी फुटलीच नाहीत, म्हणून नाव भुंडी. मित्रांनो, शेळीची गोष्ट सरळ चालत नाही. शेळी आधी भराभर गिळते, मग निवांत बसून तेच पुन्हा तोंडात आणते. तेव्हा मध्येच थांबले तर रागावू नका.

जव्हारचं संस्थान विलीन झालं त्या साली मी सूर्यमाळच्या एका पाड्यावर जन्मले. मला पहिल्यांदा हातात घेतलं ते लाडकीने. तिचे केस तेव्हाच पिकलेले होते. डोळे मात्र असे, की समोरच्या डोंगरावर चरणारी माझी आई ती झोपडीच्या दारातून ओळखायची.

माझ्या डोळ्यातली बाहुली आडवी. मान न वळवता मला पुढचं, बाजूचं, जवळजवळ मागचंही दिसतं. तरी ती दूध काढायला वाकली की मी तिच्याच डोळ्यांकडे बघत राहायची. पाण्याचे दोन थेंब, आणि त्यांत अख्खा डोंगर, वर ढग, खाली मी. एवढं सगळं आत जातं कसं, मला अजून कळलेलं नाही.

रवंथ.

तेव्हा ती काय खायची? नाचणीची भाकर, आणि मी जिथून ओरबाडायची तिथलीच भाजी. शेवगा, माठ, कुर्डू. कोवळा शेंडा तिचा, खालचा पाला माझा. यावरून आमची भांडणं व्हायची.

पुढचा घास.

तिचा मुलगा देवराम जव्हारच्या कचेरीत शिपाई झाला. पाड्यावरचा पहिला सरकारी नोकर. घरी येताना दुकानातला पांढरा तांदूळ आणायचा. एकदा त्याने चुलीवरचं गाडगं उघडून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“आये, आता पाला शिजवायचा नाय. शिपायाची आय शेळीचा चारा खाते, म्हणतील लोक.”

“शेळीला विचार, तिची हरकत हाय काय,” लाडकी म्हणाली.

पण पोराचा मान मोठा. ती भात आणि मीठ-मिरची खाऊ लागली. शेंडेही माझेच झाले. मी खूश होते. सांगायला लाज वाटते.

दोन वर्षं गेली. दिवसा तिला दिसायचं, पण उन्हं उतरली की ती भिंत चाचपू लागायची. माझं दावं खुंटाऐवजी वाऱ्यालाच बांधायची. एका तिन्हीसांजेला तिचा पाय निखाऱ्यांवर पडला. सगळे म्हणाले, वय झालं.

पाड्यावर औषधपाणी करणारा भगत पुंजा म्हणाला, “वय नाय. सांजेची नजर गेलीय. शेळीची कलेजी खायला घाल.”

घरात आता शेळी एकच उरली होती, मी. देवरामाने कुडाच्या भिंतीत खोचलेल्या कोयत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पुंजाने माझं पोट चाचपलं. “गाभण हाय. गाभणीला कोयता लावत नाय. व्याली की बघ.”

रवंथ. हा घास मी फार वेळा चावलाय. पुंजा खोटं बोलत नव्हता. लाडकीची नजर खरोखरच माझ्या पोटात होती.

दुसऱ्या सकाळी लाडकी माझ्यामागे रानात आली. दगडावर बसून, मी काय काय खाते ते पाहत राहिली. घरी येऊन देवरामाला म्हणाली, “हिच्या कलेजीत माझी नजर हाय, पुंजा सांगतो. तिथं ती आली कुठून? हिनं तर जन्मात तुझा तांदूळ खाल्ला नाय.”

देवरामाने माझ्या चावणाऱ्या तोंडाकडे पाहिलं.

“पाल्यातून आली. मग मीच जाते पाल्याकडं. मधी हिला कशाला कापायची?”

“आणि नाय दिसलं तर?”

“तर ही व्याली की कोयता तुझा, शेळी तुझी.”

मी चावायची थांबले.

त्या दिवसापासून गाडग्यात पुन्हा पाला शिजू लागला. शेवगा, माठ, वर खुरासणीच्या तेलाचा चमचा. छपरावरचा लाल भोपळा. नाचणीची भाकर. मीही शेंडे तिच्यासाठी सोडू लागले. त्यात माझा फायदा होता, हे कबूल करते.

दोन महिन्यांनी, भाद्रपदातल्या एका तिन्हीसांजेला मी व्याले. पांढरं करडू देवरामाने उचललं. “एकच हाय,” म्हणाला आणि चिमणी पेटवायला काड्या शोधू लागला. घरात काळोख दाटला होता. मला ओरडायचंही बळ नव्हतं.

“दुसरं हाय कोपऱ्यात,” लाडकी म्हणाली. “काळं. नाकावर पापुद्रा हाय, गुदमरतंय.”

ती उठली. भिंत चाचपली नाही. सरळ कोपऱ्यात गेली आणि काळोखातून काळं करडू उचलून तिने त्याचं नाक पुसलं. ते ओरडलं.

देवराम तसाच उभा राहिला. मग त्याने कुडातला कोयता उपसला.

तो बाहेर गेला, आणि शेवग्याची फांदी तोडून घेऊन आला. शेंडा आईपुढे ठेवला, बाकीची माझ्यापुढे.

मित्रांनो, पुढे लाडकीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आला. तो पाल्याने अडला नाही. त्याला डॉक्टरच लागतो. पण सांजेला ती पुन्हा कधी आंधळी झाली नाही. पानाच्या हिरव्याखाली दडलेला केशरी रंग माणसाच्या डोळ्यात जाऊन उजेड होतो. मी आयुष्यभर पानं चावली, तरी याचं नवल संपलेलं नाही.

तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस सांजेला भिंत चाचपत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आधी त्याच्या ताटात डोकावा. कोवळे शेंडे त्याला वाढा. खालचा पाला आम्हाला पुरतो.