दारातली गर्दी

स्वस्त मालाच्या त्या दुकानाच्या मॅनेजरबाईंना सगळे भिंगरीताई म्हणत. पायाला भिंगरी लागलेली बाई, सासूबाई तर म्हणायच्या, "हिला फोटोपुरतंसुद्धा एका जागी उभं करणं कठीण." त्यात मुख्य ऑफिसचं पत्र आलं: महिनाभरात येणारी माणसं वाढली नाहीत, तर दुकान बंद. मग काय विचारता! ताई दर पाच मिनिटांनी बाहेर जायच्या, रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळायच्या आणि कुणी येत नाही हे बघून आत यायच्या. सतरा वर्षं सांभाळलेलं दुकान डोळ्यांदेखत जाणार, ही भीती त्यांना खुर्चीत टेकू देत नव्हती.

आणि आकडे वाढले की! दारावरचं माणसं मोजणारं यंत्र रोज शंभर-सव्वाशे जास्त दाखवू लागलं. मुख्य ऑफिस खूश झालं आणि दुप्पट माल पाठवू लागलं. बादल्या, चादरी, प्लास्टिकचे डबे, पुन्हा बादल्या. गोदाम भरलं, जिना भरला, ताईंची खुर्चीही बादल्यांखाली गेली. ताईंना तिची आठवणही झाली नाही.

"एवढी माणसं आत येतात, मग दिसत कशी नाहीत?" त्यांनी गोदाम सांभाळणाऱ्या काकांना विचारलं.

काका बादल्यांची चळत उतरवत होते. "रागावू नका ताई, पण त्या दारातून दिवसभर सगळ्यात जास्त कोण येतं?"

ताई बोलता बोलता दाराबाहेर पोचल्याच होत्या. तिथेच थबकल्या. यंत्राच्या आकड्यावर नजर ठेवून हळूच आत आल्या. आकडा एकाने वाढला होता.

तेवढ्यात मुख्य ऑफिसच्या साहेबांचा फोन आला. "गर्दी एवढी आणि विक्री नाही? माल कमी पडतोय तुम्हाला. उद्या आणखी एक ट्रक पाठवतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ताईंचं एक मन म्हणालं. गप्प राहिलं तर दुकान आणखी दोन-चार महिने तरेल. पण समोर काका बादल्या कुठे ठेवायच्या म्हणून जागा शोधत उभे होते.

"ट्रक नको, साहेब. ती गर्दी म्हणजे मीच आहे."

ताईंनी दाराचा सगळा घोळ सांगितला. साहेब म्हणाले, "खरी गिऱ्हाईकं किती?"

ताईंचे पाय दाराकडे वळले. त्यांनी ते बळेच आवरले, एक बादली पालथी घातली आणि महिन्याभरात पहिल्यांदा दुकानात खाली बसल्या.

"आज नऊ," त्या म्हणाल्या. "त्यातला एक पत्ता विचारायला आला होता."