सुरंगीच्या जागी दोन मिनिटं

मी एक जुनी बाग आहे, मित्रांनो. रत्नागिरीत बाग म्हटलं की तुम्हाला हापूस आठवणार, पण माझ्यात खायला काही मिळत नाही. माझं नाव विमानवीर भागोजी उद्यान. आमच्या किनाऱ्यावरून लढाऊ विमान उडवायला गेलेले पहिले म्हणजे भागोजी. त्यांच्या मानासाठी कातळावर माती पसरून मला उभं केलं.

उद्घाटनाला भागोजी स्वतः आले होते. फीत कापून झाल्यावर त्यांनी कुंपणाजवळ सुरंगीचं रोप लावलं. पाली गावचा शिवा त्यांचा विमानदलातला जोडीदार. लढाईत दोघांची विमानं बरोबर उडाली, शिवाचं परत आलं नाही. त्याचं काहीच घरी पोचलं नाही. म्हणून भागोजींनी त्याच्या अंगणातली माती आणून रोपाला घातली. "आता ह्योच आमचा शिवा," म्हणाले.

सुरंगी वाढली. फुलायच्या दिवसांत बायका गजऱ्याच्या फुलांसाठी वाट वाकडी करून यायच्या. किती मिरवले मी! पुढे भागोजी लेकीकडे पुण्याला गेले आणि माझ्यात त्यांचा पुतळा बसला. माणसाचा पुतळा झाला की तो गेलाच, असं लोक धरून चालतात. खरं सांगते, मीही तसंच धरून चालले होते.

परवा योगिनीबाई शाळेची मुलं घेऊन आल्या. पुतळ्याला हार घातला आणि सगळे दोन मिनिटं उभे राहिले; मुलं चुळबुळत होती. काठी टेकत एक म्हातारे आले आणि तेही मागे मान खाली घालून उभे राहिले. मी निरखून पाहिलं. ते भागोजीच होते, स्वतःच्याच श्रद्धांजलीला उभे.

मग ते थेट कुंपणाकडे गेले. तिथे गुळगुळीत फरशी होती आणि फोटो काढायला भिंतीवर रंगवलेले पंख.

"हितलं झाड कुठं हाय रे?" त्यांनी खंडू माळ्याला विचारलं.

"त्ये व्हय? त्ये गेल्या साली तोडलानी, आजोबा. फुलांचा कचरा पडायचा."

भागोजी मटकन खाली बसले आणि फरशीवर हात फिरवत राहिले. मला तोंड कुठे लपवू असं झालं. कुऱ्हाड पडली तेव्हा मी पाहत होते, पण बागेचं ऐकतो कोण?

योगिनीबाई धावत आल्या. "आजोबा, बरं वाटत नाही का?"

"बाय, त्यो पुतळा माझा. मी अजून जिता हाय."

मुलं आ वासून एकदा पुतळ्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघत राहिली. खंडूच्या हातातून पाण्याचा पाइप गळून पडला.

भागोजींनी शिवाची हकिकत सांगितली. मग म्हणाले, "तुमी ती दोन मिन्टं चुकीच्या मानसाला दिलात. आता हितं उभं ऱ्हावा."

खंडूने पहार आणून एक फरशी उचकटली. खाली तांबडी माती होती, अजून ओलसर. मुलं तिच्याभोवती उभी राहिली. या वेळी कोणी चुळबुळ केली नाही.

मित्रांनो, माझ्यात खुशाल खेळा, धावा. पण झाड तोडण्याआधी ते कोणाचं आहे, एवढं विचारा. आणि कोणाला हार घालण्याआधी, तो मागे उभा तर नाही ना, तेही बघा.