पालकाच्या टिकल्या

सोलापुरातला मधुमेह त्या रविवारी कायमचा संपला. पंचाक्षरी महाराजांनी माइकवरून तसं जाहीरच केलं. सोमवारी औषधांची दुकानं उघडली, ती बहुधा सवयीने.

मंगल कार्यालय गच्च भरलेलं. महाराज पालकाच्या पानाच्या टिकल्या पाडत. शिष्य त्या तांब्यातल्या तीर्थासकट मोठ्या सिरिंजमध्ये भरून, तोंड बोटाने दाबून दट्ट्या ओढी आणि रुग्णाच्या नावाच्या ग्लासात सोडी. टिकल्या तळाला जात. मग हॅलोजनचा दिवा लागे, आणि दोन भजनं होईतो टिकल्या एकेक करत वर तरंगत.

"साखर गेली! टाका ती विषारी इंजेक्शनं टोपलीत!"

महाराज हे म्हणत असताना सिरिंज त्यांच्या शेजारीच होती. चंद्रिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पुढचा नंबर तिच्या चौथीतल्या लेकीचा, सृष्टीचा होता आणि सृष्टीच्या इन्सुलिनची बाटली सासऱ्यांच्या, ईश्वरप्पांच्या मुठीत.

"अप्पा, बाटली द्या इकडं."

"गप की गं. लोकांच्या टिकल्या वर आल्या, दिसलं न्हाय व्हय? पोरीला किती टोचायचं रोज?" ईश्वरप्पांनी मूठ आणखी आवळली.

चंद्रिका थेट स्टेजवर चढली. "महाराज, हिच्यासाठी तीर्थ नको. हे घरून आणलेलं, उकळून गार केलेलं पाणी घ्या."

"अपवित्र पाणी चालत नाही, ताई."

"आमच्या घरचं पानी अपवित्र?" खालून ईश्वरप्पा गरजले. "घ्या की वो महाराज!"

घ्यावं लागलं. तोच पालक, तीच सिरिंज, तोच दिवा. दोन भजनं झाली, तिसरंही झालं. टिकल्या तळालाच.

"श्रद्धा कमी पडली," महाराज पुटपुटले.

"सोडा कमी पडला!" चंद्रिकाने पूजेच्या ताटातलं लिंबू तीर्थाच्या तांब्यात पिळलं. तीर्थ फसफसून उतू गेलं. "बघा, खायचा सोडा! सिरिंजने पानातली हवा काढली म्हणून टिकली बुडते. सोड्यातून तिला कर्बवायू मिळतो, वर उजेड पडला की पान प्राणवायू सोडतं. त्याच बुडबुड्यांनी ती वर येते. कॉलेजात आमची पोरं करतात हे. आणि याच्यावर तुम्ही लेकरांचं इन्सुलिन थांबवताय? मरतील ती! टोपलीत टाकलेली औषधं उचला आधी. कुणी चमत्कार दाखवला तर आपल्या घरचं पाणी पुढं करा, एवढी तरी अक्कल वापरा."

टोपलीभोवती झुंबड उडाली. ईश्वरप्पांनी मूठ उघडून बाटली सुनेच्या हातात ठेवली.

"पर टिकली वर येताना पानात घडतं काय गं?"

"साखर तयार होते, अप्पा."