दिलेला जुळला

अनिताच्या लेकीला, भाविकाला, थॅलेसेमिया. अकरा वर्षांची पोर, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवून जगायची. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, रुग्णाच्याच पेशींपासून त्याला चालेल असं रक्त बनवायचे प्रयोग चाललेत, पण तिच्यापर्यंत ते कधी येतील सांगता येत नाही. आज खात्रीचं एकच. सख्ख्या भावंडाच्या मूळ पेशी जुळल्या, तर तिच्या अंगात स्वतःचं चांगलं रक्त तयार होईल.

घरात वाढलेला सख्खा भाऊ साईनाथ जुळला नाही. अनिताच्या नवऱ्यानं, अनंतानं, गुपचूप प्रज्वलच्या गालातून तपासणीची काडी फिरवून आणली. तो पुरता जुळला. प्रज्वल त्यांचाच, पण पाळण्यात असतानाच धसईच्या बिनमुलाच्या थोरल्या जावेच्या, गोदूच्या, मांडीवर दिलेला.

अनिता सापगावहून साडी-नारळ घेऊन धसईला गेली. हिशेबी बाई, रिकाम्या हातानं मागायला जात नसे.

गोदूनं पिशवीकडे पाहिलंही नाही. "गेल्या साली जमिनीची वाटणी झाली, तवा देवळात पंचांसमोर काय बोललीस गो? दिला तो दिला, आमचं त्याचं रक्ताचं नातं नाय. साईनाथच्या हिश्शात वाटेकरी नको म्हणून. आता रक्त कुठनं उगवलं?"

"पोर मरंल, वहिनी."

"ते मला कळतंय. तुला तवा कळाया पायजे होतं."

प्रज्वल मुरबाडच्या कारखान्यातून आला, तसाच दारात उभा राहून ऐकत होता. अनितानं त्याचा हात धरला. "बाळा, दुखत नाय रे जास्त. काही दिवस इंजेक्शनं, मग मशीनीतून रक्त काढतात, पेशी ठेवून बाकी परत देतात."

"काकांनी सांगितलंय, काडी फिरवली तवाच." त्यानं हात हळूच सोडवून घेतला. "देईन मी. त्या पोरीनं माझं काय केलंय? पण दवाखान्यात माझ्याजवळ आई बसंल. तू भाविकाजवळ बस, काकू."

काकू म्हणायला अनितानंच शिकवलं होतं त्याला, कडेवर घेऊन, कौतुकानं.

तिनं मान हलवली. मागायला आली होती ते मिळालं होतं. वर काही मागायला तोंड नव्हतं.

या घरात ती नेहमी चुलीपाशी बसून पितळीतून चहा प्यायची. आज गोदूनं फडताळातली कपबशी काढली, पुसली आणि ओटीवर आणून ठेवली.

"घे. पाव्हण्यांना बिनचहाचं कसं धाडू?"

अनितानं चहा संपवला. बशीत सांडलेलाही.