हाल्व्होर्सन बहिणींची निळी रेकॉर्ड

मी बर्नीच्या रेकॉर्डच्या दुकानासमोर पोचलो तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि माझ्या आधी चार माणसं हजर होती. एप्रिल असला तरी डुलुथमध्ये फुटपाथच्या कडेला अजून बर्फाचे काळपट ढीग होते. सरोवरावरचा वारा कान कापत होता. मी टोपी खाली ओढली, आणि मग मला रांगेत तिसऱ्या नंबरला कॉरीन दिसली.

कॉरीन माझी बायको. म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत होती.

तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर ब्लँकेट घेऊन लेलंड बसला होता. निवृत्त दंतवैद्य. त्याच्याबद्दल मी बरंच ऐकून होतो, पाहत मात्र पहिल्यांदाच होतो. टक्कल, लालबुंद नाक, जाड मोजे. हाच का तो, असं मनात आलं आणि जरा बरंही वाटलं. तेवढ्यात कॉरीन बोलायला लागली.

"कव्हरला भुलायचं नाही, कळलं? जुनी रेकॉर्ड हातात आली की आधी उजेडात तिरकी धरायची. मग आतल्या बाजूला, खाचा संपतात तिथे कोरलेले आकडे वाचायचे. खरी ओळख तिथे असते."

"आणि वास घ्यायचा," लेलंड म्हणाला.

"वास घ्यायचाच! बुरशीचा आला की हात झटकून मोकळं व्हायचं."

शब्दन् शब्द माझा होता. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिव्याखाली मी तिला हे शिकवलं होतं. ती तेव्हा हसली होती, "आर्ने, तू लग्न माझ्याशी केलंस की या तबकड्यांशी?" आणि आता तीच विद्या ती या माणसाला थर्मासमधल्या कॉफीसोबत घोट घोट पाजत होती. मी तीन हातांवर उभा होतो आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

दर एप्रिलमध्ये एक दिवस दुकानात मोजक्या प्रतींच्या खास रेकॉर्ड येतात. त्या दिवशी शंभरेक येणार होत्या, पण मला हवी होती एकच. आमच्याच बंदरावरच्या तीन हाल्व्होर्सन बहिणी एका चर्चच्या हॉलमध्ये गायल्या होत्या. ते ध्वनिमुद्रण चाळीस वर्षं कुणाच्या तरी तळघरात पडून होतं. आता त्याच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या, निळ्या रंगात. बर्नीच्या वाट्याला आल्या होत्या दोन. कॉरीनला मी पहिल्यांदा फिरायला नेलं ते याच बहिणींच्या गाण्याच्या कार्यक्रमाला. ती कशासाठी आली आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठ वाजता बर्नीने दार उघडलं. साठीची, खणखणीत आवाजाची बाई. "पाच-पाच जण आत या. ढकलाढकली केलीत तर सगळ्यांना घरी पाठवीन!"

पहिल्या नंबरच्या माणसाने एक निळी प्रत उचलली. कॉरीन जुन्या रेकॉर्डच्या खोक्यांकडे वळली आणि जाता जाता लेलंडला म्हणाली, "निळं कव्हर, तीन बायका. तेवढं घे."

त्याने घेतलं. पण घेऊन तो तिथेच उभा राहिला, मागेपुढे उलटवत. मी पोचलो तेव्हा माझ्याकडे पाहून संकोचाने हसला.

"तुम्ही जाणकार दिसता. ही चांगली निघाली आहे का हो? मला यातलं ओ का ठो कळत नाही."

मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. रेकॉर्डचं पाकीट सीलबंद होतं, उघडून बघायची सोय नव्हती.

"नका घेऊ," मी म्हणालो. "या सगळ्या प्रती वाकड्या निघाल्यात. सुई उड्या मारते. पैसे पाण्यात जातील."

"अरे देवा! बरं झालं विचारलं," असं म्हणत त्याने माझा दंड प्रेमाने दाबला आणि रेकॉर्ड जागेवर ठेवली. त्याची पाठ फिरताच मी ती उचलली.

मी गल्ल्यापाशी होतो तेव्हा मागून आवाज आला.

"लेलंड, कुठे आहे ती?"

"अगं, सगळ्या प्रती वाकड्या निघाल्यात म्हणे. त्या भल्या गृहस्थांनी वाचवलं मला."

कॉरीनने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या निळ्या कव्हरकडे. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. दहा वर्षं आम्ही तेच केलं होतं. पण तिचा चेहरा नुसता थकला.

"आर्ने," ती एवढंच म्हणाली, आणि बाहेर निघून गेली.

बर्नीने गल्ल्यावर हात टेकले. "वाकड्या? माझ्या दुकानात बावीस वर्षं येतोस तू. एका नवख्या माणसाशी खोटं बोललास?"

मी पैसे दिले आणि लेलंडच्या मागे फुटपाथवर गेलो. कॉरीन गाडी आणायला गेली होती.

"घ्या," मी रेकॉर्ड पुढे केली. "चांगली आहे ती. मी खोटं बोललो."

त्याने घेतली. रागावला नाही, त्यामुळे मला जास्तच चीड आली.

"तुम्हाला खरं सांगू का? मला दोन रेकॉर्डमधला फरक कळत नाही," तो म्हणाला. "पण अशा दिवशी ती चारला उठते आणि गाडीत अख्खा रस्ताभर गाते. तेवढ्यासाठी येतो मी."

सत्तावीस वर्षांत कॉरीन माझ्या गाडीत कधी गायली नव्हती. की गायला लागायची आणि मी म्हणायचो, "थांब, मूळ चाल अशी नाहीये"? आठवेना. आठवायची भीतीही वाटत होती.

गाडी आली. लेलंड गुडघे सांभाळत आत बसला आणि त्याने ती रेकॉर्ड तिच्या मांडीवर ठेवली. काचेतून मला तिचे ओठ हलताना दिसले. ती बोलत होती की गात होती, कळलं नाही. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

मग पुन्हा आत गेलो. बर्नी म्हणाली, "पुढच्या एप्रिलला रांगेत शेवटी उभं राहायचं. पहाटे चारला आलास तरी."

या वर्षी मी तिचं ऐकलं. एकेचाळीस जण माझ्या पुढे होते. तिसऱ्या नंबरला दोन खुर्च्या होत्या, आणि वाऱ्यामुळे तिथलं बोलणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. कॉरीनने एकदा वळून पाहिलं आणि मान हलवली. मीही हलवली. मग टोपी खाली ओढली, पण नजर त्या दोन खुर्च्यांवरून हटेना.